वाढत्या मापाचं शीड

आपल्याकडे मुलांसाठी काहीही घ्यायला गेलं की दुकानदार आधी विचारतो, "वाढत्या मापाचं देऊ ना?" आणि आपण मान डोलावतो. गणवेश वाढत्या मापाचा, बूट वाढत्या मापाचे (पुढे कापूस कोंबून), रेनकोट तर असा की एका पोराच्या आत दोन मावतील. मी तीस वर्षांहून जास्त काळ जून महिन्यात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बोटं झाकणाऱ्या बाह्या पाहिल्या आहेत. गणवेश अंगाला बसायला लागेपर्यंत त्याचे गुडघे विरलेले असायचे! पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या घरात तीन मुलं आणि एक पगार, त्या घरात ते शहाणपणच होतं.

मात्र हेच शहाणपण सध्या आमच्या घरात अशा एका वस्तूला लावलं जातंय जिथे ते मुळीच चालत नाही. म्हणून हा एवढा लांबलचक लेख. नेहमीच्या वाचकांना विषय जरा चमत्कारिक वाटेल. विषय आहे विंडसर्फिंगचं शीड आणि ते हातात धरायची बूम. हसू नका! बजाजनगरात बसून, जिथे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे टँकरचं, तिथे एक सत्तरी ओलांडलेली शाळेतली बाई शिडाविषयी लिहिते आहे, हे मलाही गमतीचं वाटतं. पण घरातला वाद पाण्यातला आहे आणि त्यात माझ्या नातीचा प्रश्न आहे.

झालं असं की मुलगा नोकरीनिमित्त गोव्यात आहे. नात तेरा वर्षांची. उंची पाच फुटांना दोन बोटं कमी, वजन चव्वेचाळीस किलो. गेल्या वर्षी ती विंडसर्फिंग शिकली. आता तिला सरळ जाता येतं, वळून परत येता येतं, पडली तर पुन्हा उभं राहता येतं. स्पर्धेचं तिच्या डोक्यात काही नाही. शनिवारी-रविवारी पाण्यावर जायचं आणि खारट होऊन घरी यायचं, एवढीच तिची इच्छा. आता तिला स्वतःचं सामान घ्यायचं ठरलंय आणि घरच्या ग्रुपवर दोन महिने चर्चा चालू आहे.

मुलाचं म्हणणं, घ्यायचंच तर स्पर्धेतलं मोठं शीड आणि कार्बनची बूम घेऊ, वर्षभरात ती उंच होईलच. माझा भाचा कॅलिफोर्नियात फॉस्टर सिटीला असतो, तिथल्या तळ्यावर हौस म्हणून विंडसर्फिंग करतो. तो म्हणतो, "मावशी, माझं जुनं साडेसात मीटरचं रेसिंगचं शीड पडून आहे, फुकट पाठवतो." सुनेचं म्हणणं, काहीच घेऊ नका, भाड्याने वापरा. आणि नातीला कुणी विचारलेलं नाही.

माझं मत पहिल्यांदाच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते इथेच थांबू शकतील. शीड तिच्या आजच्या मापाचं घ्या, लहान घ्या, एक नको दोन घ्या. पैसे वाचवायचे तर शिडावर वाचवा, बूमवर नको. आणि कार्बन तर मुळीच नको. आता हे का, ते सांगते. यातलं बरंचसं मी गोव्यात दीड महिना राहून, रोज किनाऱ्यावर बसून, तिच्या प्रशिक्षक सरांना प्रश्न विचारून विचारून जमवलंय. (सर बिचारे सौजन्याने उत्तरं देत राहिले.) उरलेलं भाच्याकडून आणि वाचून.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाण्यावर एक लांबरुंद फळी. फळीच्या मध्याजवळ डोलकाठी, पण ती होडीसारखी पक्की रोवलेली नाही. खाली एक लवचीक सांधा असतो, त्यामुळे डोलकाठी कुठेही कलते. तिला शीड चढवलेलं. फळीला सुकाणू नाही. शीड पुढे कलवलं की फळी एकीकडे वळते, मागे कलवलं की दुसरीकडे. आणि हे कलवायचं कशाने? तर बूमने. बैलाच्या दोन शिंगांची टोकं एकमेकांना जोडली तर जशी पोकळ चौकट होईल तशी ही असते. एक टोक डोलकाठीला घट्ट आवळलेलं, दुसऱ्याला शिडाचं मागचं टोक बांधलेलं, आणि शीड मधोमध. आपण एका बाजूची नळी धरून उभं राहायचं. आपल्या कोकणातल्या मचव्याचं शीड परबाणावर ताणलेलं असतं, पण परबाण कुणी हातात धरून उभं राहत नाही. इथे माणूसच दोरखंड, माणूसच खलाशी. शिडातला सगळा वारा बूममधून त्याच्या तळहातात येतो. म्हणून माप चुकलं की भोगायचं अंगाने.

आता शिडाचं माप. शीड चौरस मीटरमध्ये मोजतात. मुलांसाठी दीड-दोनपासून सुरुवात होते, मोठी हौशी माणसं साधारण पाच ते सात वापरतात, स्पर्धेवाले त्याहून मोठं. मोठं शीड म्हणजे जास्त वारा पकडणार, हे कुणालाही कळतं. पण दुसरी गोष्ट पटकन लक्षात येत नाही. शिडावरचं बल क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतं, आणि वाऱ्याच्या वेगाच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे ८ नॉटचा वारा (ताशी १५ किमीच्या आसपास) १६ नॉटचा झाला तर ओढ दुप्पट नाही, चौपट होते. मुलगा म्हणतो, "आई, साडेतीन आणि साडेसातमध्ये फरक तो किती?" फरक असा की सकाळच्या झुळकेत साडेसातचं शीड ती कदाचित सांभाळेलही, पण दुपारी वारा दुप्पट झाला की तिच्या हातात सकाळच्या चौपट ओढ येईल, आणि वजन मात्र चव्वेचाळीसच राहील! वाऱ्याला तोलायला तिच्याकडे स्वतःच्या वजनाशिवाय काही नाही. तिच्या बाबांकडे अठ्ठ्याहत्तर किलो आहेत. (त्यातले थोडे कमी झाले तर बरं, पण तो वेगळा लेख.)

वाढत्या मापाचा गणवेश आणि वाढत्या मापाचं शीड यांत हाच फरक. सैल सदऱ्याने फार तर पोरं हसतात. पण सांभाळता न येणारं शीड मुलाला पाण्यात पाडतं, आणि पाण्यात पडलेलं शीड पुन्हा उचलावं लागतं. फळीवर उभं राहायचं, दोरी धरायची आणि अंगाच्या वजनाने ते वर ओढायचं. शिडावर पाणी साचलेलं असतं. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, दहाव्या वेळेला हात गळून जातात. सर म्हणाले, मुलं बुडण्यापेक्षा दमण्याने जास्त अडचणीत येतात. पोहता येतं, जॅकेट अंगावर आहे, पण शीड उचलायची ताकद संपली की फळी वाऱ्याबरोबर वाहत जाते. त्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे असेल तर ती कुठे जाईल हे भूगोलाच्या बाईने सांगायला नको. मतलई आणि खारे वारे आपण सगळ्यांनी पाठ केलेत: दिवसा समुद्राकडून जमिनीकडे खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई. मी किती वर्षं ती आकृती फळ्यावर काढली! पहाटेचा मतलई वारा सकाळी उशिरापर्यंत रेंगाळतो आणि तो दिसायला फार गरीब असतो, कारण किनाऱ्याजवळचं पाणी शांत असतं. दुपारचा खारा वारा रागीट दिसतो, पण तो निदान घराकडे आणून सोडतो.

आता मुलाचा मुद्दा न्यायाने मांडायला हवा, कारण तो अगदीच चुकीचा नाही. तो म्हणतो, स्पर्धेतल्या मुली एवढीच मोठी शिडं वापरतात. खरं आहे. मुलांच्या टेक्नो २९३ या वर्गात १५ वर्षांखालच्यांना ६.८ चौरस मीटर आणि १७ खालच्यांना ७.८ चौरस मीटरचं शीड असतं. २००८ ते २०२० या काळातल्या ऑलिंपिकमध्ये आरएस:एक्स या वर्गात पुरुषांना ९.५ आणि महिलांना ८.५ होतं, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपासून आलेल्या आयक्यूफॉइलमध्ये ९ आणि ८ आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई खेळांत गोव्याची कात्या आणि डेन कोएल्हो ही भावंडं याच खेळात भारताकडून उतरली होती. आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत इबाद अली या मुलाने आरएस:एक्समध्ये कांस्यपदक आणलं. तो तयार झाला भोपाळला. म्हणजे समुद्र नसलेल्या गावात, तलावावर! हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला.

पण मुलाला मी एवढंच विचारलं, या मुलांच्या शिडाचं माप कोण ठरवतं? वाऱ्याने नाही, त्यांच्या वजनानेही नाही, नियमाने ठरतं. स्पर्धा न्याय्य व्हावी म्हणून सगळ्यांना एकच शीड, मग वारा मंद असो की जोराचा. त्या शिडावर ती मुलं रोज सराव करतात, व्यायाम करतात, शेजारी प्रशिक्षकाची मोटारबोट असते. हौशी माणसाला नियम नाही, हेच तर त्याचं भाग्य! त्याने वारा बघावा आणि शीड बदलावं. उद्या नात म्हणाली, "आजी, मला स्पर्धेत उतरायचंय," तर मी माझ्या पेन्शनमधून ६.८ चं शीड घेऊन देईन. पण ते ती म्हणाली तर. बाबांच्या मनातलं राष्ट्रीय पदक मुलीच्या हातात वजन म्हणून द्यायचं नाही. शाळेत मी हेच पाहिलंय. चौथीच्या मुलाला स्कॉलरशिपसाठी सातवीचं गणित, आणि पुढे त्याला गणिताचीच शिसारी. खेळाचंही तेच होतं. मूल स्वतः सांगत नाही की शीड मोठं आहे, ते म्हणतं, "आज नको, कंटाळा आलाय."

"वर्षभरात लहान पडेल," हा मुलाचा दुसरा मुद्दा. त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त आवडतं. शीड फ्रॉकसारखं लहान पडत नाही! साडेतीन-चार मीटरचं शीड आज तिच्या रोजच्या वाऱ्याला चालेल. ती मोठी झाली की तेच शीड जोराच्या वाऱ्याच्या दिवशी लागेल. जोराचा वारा असला की मोठी माणसंसुद्धा चार मीटरचं शीड लावतात. म्हणजे लहान शीड वाया जात नाही, त्याचा दिवस फक्त बदलतो. उलट मोठं घेऊन ठेवलं तर ती त्याच्या मापाची होईपर्यंत ते माळ्यावर कुजणार. वाढत्या मापाचं गणित इथे पूर्ण उलटं आहे.

म्हणून मी म्हणते दोन घ्या. एक साडेतीन-पावणेचारच्या आसपास, एक पावणेपाच-पाचच्या आसपास, दोघांत साधारण सव्वा मीटरचं अंतर. एकाच डोलकाठीवर आणि एकाच बूमवर दोन्ही बसतील अशी निवडायची. हे ओळखणं कठीण नाही. प्रत्येक शिडावर खालच्या कोपऱ्यात आकडे छापलेले असतात: क्षेत्रफळ, डोलकाठीकडच्या बाजूची लांबी, बूमची लांबी, कुठली डोलकाठी योग्य ती. पुस्तकाच्या मलपृष्ठासारखं ते आधी वाचायचं, रंग नंतर बघायचा.

आता भाच्याचं फुकटचं शीड. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण ही गाय समुद्रात न्यायची आहे, तेव्हा दात मोजलेच पाहिजेत. त्याच्या शिडाला कॅम्बर आहेत. म्हणजे शिडाच्या आत आडव्या पट्ट्या असतात, त्यांच्या टोकाला डोलकाठीवर बसणारे प्लॅस्टिकचे चिमटे. त्यांनी शिडाचा फुगवटा कायम राहतो, वेगासाठी ते उत्तमच. पण त्यांनी वजन वाढतं, जोडायला वेळ लागतो, डोलकाठीच्या रुंद खोळीत पाणी भरतं आणि पडलेलं शीड उचलताना जीव जातो. शिवाय त्याला लांब, ताठ डोलकाठी लागते आणि दोन मीटरच्या आसपास उघडणारी बूम. सगळं मिळून दहा किलोच्या घरात जातं. लहान मुलांचा साधा संच त्याच्या जवळपास निम्म्याने भरतो. म्हणजे फुकटच्या शिडासाठी डोलकाठी विकत, बूम विकत, आणि वर विमानाचं भाडं! भाच्याला मी कळवलं, तुझं प्रेम पोचलं, शीड तिथेच राहू दे. तो समजूतदार आहे, हसला.

हौशी माणसाने बिनकॅम्बरचं, हलकं शीड घ्यावं. आणि कापडाकडे नीट बघावं. बरीच शिडं पारदर्शक फिल्मची असतात, काचेसारखी. दिसायला सुंदर, आकार चांगला धरतात. पण उन्हाने ती ठिसूळ होतात, घडी पडली की तिथून तडकतात. आपलं ऊन काही युरोपातलं ऊन नव्हे. मुलांसाठी डेक्रॉनचं साधं कापडी शीड किंवा आत दोऱ्यांची जाळी असलेली फिल्म बरी. फाटलं तरी फाटा पुढे पळत नाही. काम झालं की गोड्या पाण्याने धुवायचं, सावलीत वाळवायचं, घडी न घालता गुंडाळायचं. पैठणी आपण जशी सांभाळतो ना, अगदी तसं.

आता बूम. सगळे शिडाबद्दल बोलतात, बूमला कुणी विचारत नाही. पोळपाटाची चर्चा आणि लाटण्याकडे दुर्लक्ष, असला प्रकार. पण हातात असते ती बूमच. माझ्या मते ती निवडताना चार गोष्टी बघाव्यात.

पहिली लांबी. बूम मागच्या बाजूने उघडून लांब करता येते, आणि प्रत्येक बूमची एक मर्यादा असते, उदाहरणार्थ १४० ते १९० सेंमी. आपली दोन्ही शिडं त्या मर्यादेच्या आत, शक्यतो मधल्या भागात बसली पाहिजेत. शेवटपर्यंत ओढून लांब केलेली बूम लवचीक होते, वाऱ्याच्या झोताला वाकते, आणि ती वाकली की शिडाचा फुगवटा मागे सरकून हातावरची ओढ वाढते.

दुसरी जाडी. मोठ्यांच्या बूमची नळी तीन सेंटिमीटरच्या आसपास जाड असते. नातीची बोटं तिच्याभोवती पुरती मिटत नाहीत. मूठ मिटत नसली की पकड ठेवायला दुप्पट जोर लागतो, आणि पंधरा मिनिटांत मनगटाच्या वरचा भाग दगडासारखा होतो. मुलांना जाड पेन्सिल देतात ती वेगळी गोष्ट. इथे बारीक नळीचीच बूम हवी. एक-दोन मिलिमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तळहाताला विचारा. आपल्याकडच्या बायकांना हे सांगायला नको. पुरुषी मापाचा पाना, पुरुषी मापाची कुदळ हातात घेऊन आपण पिढ्यान्‌पिढ्या कामं केली आहेत.

तिसरी तोंडाची पकड, म्हणजे डोलकाठीला आवळणारा भाग. डोलकाठ्या दोन प्रकारच्या, बारीक आणि जाड. पकड आपल्या डोलकाठीला न हलता बसली पाहिजे. ही ढिली असली तर सगळा संच खुळखुळतो आणि पोराला वाटतं आपलंच चुकतंय. बूम किती उंचीवर बांधायची तेही इथेच ठरतं. हौशी माणसाला ती फळीवर उभं राहिल्यावर खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये यावी. वडिलांनी स्वतःच्या उंचीवर बांधून दिलेली बूम मुलीच्या डोळ्यांपुढे येते, आणि मग ती लोकलच्या दांडीला लोंबकळल्यासारखी उभी राहते.

चौथी गोष्ट धातू. कार्बनची बूम हलकी आणि ताठ असते, खोटं कशाला बोलू. पण ती ॲल्युमिनियमच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही महाग, आणि तिचा ताठपणा खरा उपयोगी पडतो मोठ्या शिडाला. चार मीटरच्या शिडावर चव्वेचाळीस किलोच्या मुलीला तो फरक कळणारही नाही. शिवाय खडकावर आपटून कार्बनला आत तडा गेला तर वरून दिसत नाही. ॲल्युमिनियम निदान वाकून सांगतं की मी आता थकलो. म्हणून ॲल्युमिनियम, पण चांगलं. इथे कंजुषी नको. शीड फाटलं तर चिकटपट्टी लावून किनाऱ्यावर येता येतं, बूम मधोमध मोडली तर शीड धरायलाच काही उरत नाही.

यावर बजाजनगरचा सल्ला अर्थातच आला. इथे वाळूजच्या एमआयडीसीत माझे कितीतरी विद्यार्थी कामाला आहेत. एकाची स्वतःची पाइप वाकवायची शेड आहे. तो म्हणाला, "बाई, आणा नमुना, दोन दिवसांत बनवून देतो, परदेशातून कशाला मागवता?" मला क्षणभर मोह झाला, आपल्या पोराच्या हातची वस्तू! पण त्यानेच नमुन्याचे फोटो बघून नंतर फोन केला. म्हणाला, "बाई, वाकवणं सोपं आहे. पण ही नळी दर झोताला थोडी वाकून परत सरळ होते, दिवसातून हजारदा. साध्या पाइपाला लांबी बदलायला भोकं पाडली की त्या भोकापासून चीर जाणार. धातू वेगळा लागेल, प्रक्रिया वेगळी लागेल. ताईला समुद्रात पाठवायचंय, तर मी प्रयोग करणार नाही." मला त्याचा फार अभिमान वाटला. कारागिराला आपल्या हाताची मर्यादा ठाऊक असणं हे मोठं शिक्षण आहे. त्याने एक कामाची गोष्टही सांगितली: ॲल्युमिनियमला लोखंडासारखा गंज चढत नाही, पण खाऱ्या पाण्याने पांढरी भुकटी धरते आणि एकात एक सरकणाऱ्या नळ्या जाम होतात. कार्बन आणि ॲल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकमेकांना लागून राहिले तर हे आणखी लवकर. तेव्हा दर वेळेला नळ्या सुट्या करून गोड्या पाण्याने धुवायच्या, वाळू काढायची.

(काहींनी विचारलं, गोवा कशाला, आपला नाथसागर आहे की पैठणला! आहे, आणि पाणी अफाट आहे. पण १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे रोहित येतात. त्यांचं पाणी त्यांना राहू दे.)

सुनेचं मत मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण मला ते निम्मं पटतं. भाड्याचं सामान वापरायला हवंच, एक पूर्ण हंगाम. गोव्यात शिकवणारी केंद्रं आहेत, केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्थाही आहे. वेगवेगळी मापं हाताळून मगच आपलं ठरवावं. आणि पावसाळ्यात समुद्र बंदच असतो, तेव्हा घाई कसली? पण कायम भाड्याचंच, हे मला मान्य नाही. भाड्याचा संच बहुधा सरासरी पुरुषाच्या मापाचा असतो. नातीला दर वेळेला "आज लहान बूम दुसऱ्याने घेतली" हे ऐकावं लागतं. स्वतःच्या मापाची वस्तू म्हणजे चैन नव्हे. शिकण्याची ती पहिली अट आहे.

आमच्या पिढीतले लोक इथे एक हुकमी वाक्य काढतात, "आम्ही नाही का कैची मारून सायकल शिकलो!" शिकलात ना. वडिलांची उंच सायकल, मधल्या दांडीखालून एक पाय घालून, अर्धं अर्धं पायडल मारत माझे दोन्ही भाऊ शिकले. गुडघे फुटले, त्याच्या कथा अजून सांगतात. मी मात्र शिकले नाही. परकर नेसून कैची मारता येत नाही, आणि मुलींच्या मापाची सायकल आमच्या गावात कुणाकडे नव्हती. त्या कैचीच्या कथांत फक्त शिकलेलेच बोलतात. जे शिकले नाहीत त्यांची कथा कोण सांगणार? पुढे मानव विकास कार्यक्रमातून खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळाल्या. बिनदांडीच्या, त्यांच्या मापाच्या. तेव्हा घोळक्याने शाळेत येणाऱ्या त्या मुली पाहून मला कळलं की धीट असण्याचा प्रश्न नव्हता. प्रश्न दांडीचा होता.

आणि गंमत बघा, विंडसर्फिंगचा इतिहासही याच बाजूने बोलतो. अमेरिकेत होयल श्वाइट्झर आणि जिम ड्रेक यांनी १९६८ मध्ये या प्रकाराच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यांच्या सुरुवातीच्या फळ्यांची बूम चक्क सागवानी असायची! पण पुढे इंग्लंडमध्ये पेटंटचा खटला उभा राहिला तेव्हा कोर्टात एक जुनी गोष्ट आली. १९५८ साली हेलिंग बेटावर पीटर चिल्व्हर्स नावाच्या मुलाने स्वतः फळी, शीड आणि दोन काठ्यांची दुभंगलेली बूम करून समुद्रात चालवली होती. वय बारा वर्षं. त्या मुलाच्या खेळामुळे ब्रिटनमधलं पेटंट टिकलं नाही. बारा वर्षांच्या मुलाने स्वतःसाठी केलेली वस्तू अर्थातच त्याच्या मापाची असणार. त्याला कुणी वाढत्या मापाची दिली नव्हती.

तेव्हा मुला (तू हे वाचतोस, मला माहीत आहे), माझी सूचना अशी. या हंगामात तिला भाड्याने तीन-चार मापं वापरू दे. प्रत्येक वेळी तिला एक परीक्षा घेऊ दे: कमरेएवढ्या पाण्यात, कुणी हात न लावता, पडलेलं शीड लागोपाठ दहा वेळा उचलायचं. दहाव्या वेळेनंतरही ती हसत असेल तर ते शीड तिचं. मूठ पूर्ण मिटते ती बूम तिची. निकाल तिने सांगायचा, आपण लिहून घ्यायचा. मग पैशांचं बघू, माझाही वाटा धर.

बाकी वाचकांपैकी कुणाची मुलं-नातवंडं पाण्यावर जात असतील तर त्यांच्या शिडांची मापं आणि वजनं मला जरूर कळवा. वहीत तक्ता करायला घेतलाय. जुनी सवय, जाता जात नाही.